अक्कांच्या गालावरची गोगलगाय

शिवानी, ओंकार — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमचे आजोबा होते तोवर त्यांना सांगता आलं असतं, वेळही भरपूर होता. नाही सांगितलं. तुमच्या बाबाला फोनवर रोज भाजी काय केली हेसुद्धा सांगते, पण हे नाही. आज तुम्हा दोघांना सांगायला बसले आहे, आणि पहिल्या चार ओळींतच पेन दोनदा खाली ठेवून झालं.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला पटकन वाचता आलं असतं. मलाही सोपं गेलं असतं. पण जे केलं ते मी इंग्रजीच्याच जोरावर केलं, म्हणून मराठीत लिहिते. सावकाश वाचा.

शिवानी, तू टोरांटोहून मैत्रिणीच्या हाती कोरियन प्रसाधनांचं खोकं पाठवलं होतंस, आठवतं? तुला वाटलं होतं आजी हसेल आणि कपाटात ठेवून देईल. मी तसं काही केलं नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे. सगळ्या बाटल्या, डब्या, नळ्या जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडल्या, चष्मा पुसला आणि प्रत्येकीवरचा बारीक मजकूर भिंगातून वाचून काढला. सकाळी लावायच्या एका ट्रेमध्ये, संध्याकाळच्या दुसऱ्या. आणि वाचता वाचता, खरं सांगते, मी थक्क झाले. एवढ्या वयात मला वाटत होतं की आता नवल वाटण्यासारखं फारसं उरलं नाही. आंबवलेल्या तांदळाचं पाणी! आपण तांदूळ धुतो आणि ते पाणी कडीपत्त्याच्या मुळाशी ओततो. ज्वालामुखीची राख. मधमाशीचं विष — डंख होतो ते विष, सुरकुत्यांवर. एका गुलाबी डबीत गाढविणीचं दूध.

गाढविणीचं दूध मला नवं नव्हतं. उमरग्याला माझ्या माहेरच्या गल्लीत एक बाई गाढवीण घेऊन ओरडत यायची. लहान मुलांना खोकला झाला की चमचाभर दूध तिथल्या तिथं काढून पाजायची. माझे वडील इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारे, त्यांना असलं काही खपत नसे. मग आई माझ्या धाकट्या भावाला मागच्या दारानं न्यायची. तेच दूध आता समुद्र ओलांडून, गुलाबी डबीत बसून, सोनेरी झाकण लावून माझ्या टेबलावर आलं होतं. मी झाकण उघडून वास घेतला. फुलांचा वास. कुठल्या फुलांचा ते अजून कळलेलं नाही.

आणि एका हिरवट बाटलीत गोगलगाईचा स्राव होता.

म्हणजे ती चालते तेव्हा मागे जी चकचकीत रेघ राहते, तो. मी ती ओळ तीनदा वाचली. बाटली उजेडात धरली. आत काहीच दिसत नव्हतं, पाण्यासारखं स्वच्छ. झाकण उचललं तर तार निघाली — बारीक, लांब, तुटेचना. पाकातल्या तारेसारखी. मला शिसारी आली आणि त्याच वेळी ती तार सुंदरही वाटली. तुम्हाला कधी असं झालं आहे?

इथं थोडं थांबून तुम्हाला मोठ्या आजीबद्दल सांगायला हवं. माझी थोरली जाऊ, महानंदा. मी त्यांना अक्का म्हणायची. तुम्ही त्यांना सुट्टीत पाहिलंत ते मधल्या भिंतीपलीकडच्या घरात, कपाळभर भस्म लावलेल्या. पण त्यांचं सकाळचं रूप तुम्ही पाहिलेलं नाही, कारण तुम्ही कधी वेळेवर उठला नाहीत. अंघोळ करून त्या पूर्वेकडं तोंड करून बसायच्या. गळ्यातलं इष्टलिंग सोडून डाव्या तळहातावर घ्यायच्या. पाणी, भस्म, बेलाचं पान. मग नुसत्या त्याच्याकडं बघत राहायच्या. शेवटी ते लिंग दोन्ही डोळ्यांना लावायच्या, मग एका गालाला, मग दुसऱ्याला. बाळाला लावावं तसं. सासरी आल्यापासून मी हे बघत होते. मी माझी पूजा पाच मिनिटांत उरकणारी. त्यांच्याकडं बघताना मला नेहमी वाटायचं, या बाईला तिथं काय दिसतं?

माकणीच्या आपल्या रानात सोयाबीन उगवून आलं की शंखी गोगलगायी यायच्या. शेकड्यांनी. रोपाचं पान राहू द्यायच्या नाहीत. सगळा गाव त्या वेचून मिठाच्या पाण्यात टाकतो. अक्का टाकू द्यायच्या नाहीत. बायका लावून वेचून घ्यायच्या आणि टोपली ओढ्यापलीकडच्या पडीक रानात रिकामी करायला लावायच्या. भाऊजी म्हणायचे, तिकडनं परत चालत येतील की! अक्का म्हणायच्या, "येऊ द्या. त्यास्नी पाय न्हाईत, पोट तर हाय." यावर घरात बरीच वर्षं हसणं चाललं. मीही हसले.

आता वाचण्याचं. लग्न होऊन आले तेव्हा या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. त्यामुळं एक रीतच पडली: बाजारातून आलेलं कुठलंही पाकीट आधी माझ्याकडं यायचं. बिस्किट, केक, आइस्क्रीम, टूथपेस्ट, टॉनिक. अक्का ते माझ्या हातात द्यायच्या आणि विचारायच्या, "जिवाचं काय न्हाय न्हवं?" मी वाचून सांगायची. अंडं आहे म्हटलं की ते पाकीट शेजारी जायचं. नाही म्हटलं की त्या पुन्हा कधी त्याच्याकडं संशयानं बघायच्या नाहीत. पुढं पाकिटांवर हिरवे-तांबडे ठिपके आले, ते त्यांना ओळखू यायला लागले. तरी त्या विचारायच्याच. ठिपक्यावर त्यांचा विश्वास कमी, माझ्यावर जास्त. मी शाळेत एवढी वर्षं इंग्रजी शिकवलं. पण माझ्या वाचण्याला एवढा मान आणखी कुठं मिळाला?

तर — खोकं आलं त्या दुपारी अक्का भिंतीपलीकडून आल्या. टेबलावरची आरास बघून म्हणाल्या, "दुकान टाकतीस का काय?" मी एकेक दाखवत गेले. तांदळाच्या पाण्यावर त्यांनी मान हलवली. त्यांच्या आजीनंही लावलं होतं म्हणे. गाढविणीच्या दुधावर पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. "लावून सकाळी वरडशील बग गाढवावानी. मग मी येते दावं घिऊन." आणि मग, हसणं संपल्यावर, त्यांनी आपल्या गालांवरून हात फिरवला.

त्यांच्या दोन्ही गालांवर वांग होते. काळपट, खडबडीत, उन्हाळ्यात सोलून निघायचे. पुतणीच्या लग्नात फोटोवाला पुढं आला की त्या पदर गालावर ओढायच्या, ते मी बघितलेलं होतं. त्यांनी ती हिरवट बाटली उचलली. आतली तार बघून त्यांचेही डोळे मोठे झाले. म्हणाल्या, "ह्यात काय हाय गं? जिवाचं काय न्हाय न्हवं?"

बाटलीवर ठिपका नव्हता. बाहेरदेशीची बाटली, तिच्यावर कशाला असेल?

मी बाटली हातात घेतली. भिंग घेतलं. सगळा मजकूर वाचल्यासारखा वाचला. आणि म्हणाले, "कोरफड आहे, अक्का."

झालं. एवढंच. हे लिहायला मला इतकी पानं फिरून यावं लागलं — आणि तरीही हे पूर्ण खरं नाही.

तुम्ही म्हणाल, आजी जावेच्या चेहऱ्यासाठी खोटं बोलली, त्यात काय एवढं? मीही स्वतःला तेच सांगत होते. बाई बिचारी पदर ओढून घेते, तिचे गाल बरे होतील, तिला कळणारही नाही. गोगलगाय मरत नाही, तिला जाळीवरून नुसतं चालू देतात, असं मी नंतर वाचलंही. नंतर. खोटं बोलून झाल्यावर.

खरं हे आहे की ती बाटली मला स्वतःला लावायची होती. मला सुरकुत्या नको होत्या. पंच्याहत्तरीच्या बाईला हे सांगायला लाज वाटते, पण नको होत्या. आणि मला भीतीही वाटत होती. तोंड सुजलं तर? पुरळ उठलं तर? शिसारी तर होतीच. एवढ्यात अक्का आल्या, त्यांनी विचारलं, आणि माझ्या मनात आलं — आधी त्यांना लावून बघू.

तुम्ही वाचलंत ते बरोबर वाचलंत. ज्या बाईनं गोगलगाईवर मीठ पडू दिलं नाही, तिच्या गालावर मी गोगलगाय लावून बघितली. काय होतं ते बघायला. माझ्या हातानं, दोन बोटांनी, हळूहळू चोळून. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. म्हणाल्या, लई गार वाटतंय.

आणि गाल सुजले नाहीत. पुरळ उठलं नाही. मी रोज भिंतीवरून त्यांचा चेहरा बघायची, पिकाकडं बघावं तसा. खपली धरलेली कातडी मऊ झाली. पुढच्या काही महिन्यांत वांग फिके पडत गेले. शिवानी, तुला वाटेल मी वाढवून सांगते. नाही सांगत. एक दिवस सकाळी त्यांच्या पूजेच्या वेळी मी तिथं होते. ऊन खिडकीतून थेट तोंडावर पडलं होतं आणि त्या वयाच्या बाईचा गाल असा दिसला की मी हातातला तांब्या खाली ठेवला. त्यांनी लिंग डोळ्यांना लावलं. मग त्या गालाला. मग दुसऱ्या गालाला.

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगता येत नाही. आनंद झाला होता. अंगावर काटाही आला होता. जगात एवढासा बिनहाडाचा जीव, आणि त्याच्या चालण्याच्या रेघेत एवढी किमया! आणि ती रेघ आता त्या लिंगालाही लागलेली. कुणी लावली? मी.

मग मीही लावायला सुरुवात केली. अक्कांवर बघून झालं होतं ना.

बाटली संपली की शिवानी, मी तुझ्याकडं दुसरी मागायची. तू म्हणायचीस, आजी, तुझी मजा आहे. तुला काय माहीत, दोन चेहऱ्यांना एक बाटली किती पुरणार?

मागच्या वर्षी अक्कांच्या छातीत कफ झाला, ताप उतरेना. त्यांना सोलापूरला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर कॅप्सूल लिहून दिल्या. अक्कांनी सुनेच्या हातून ते पाकीट घेतलं आणि माझ्याकडं दिलं. बोलायला दम लागत होता, तरी विचारलंच. मी वाचलं. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं. आणि मी ते सांगितलं. खरं सांगितलं! का? कारण त्यांची सून शेजारी उभी होती आणि तिलाही इंग्रजी वाचता येत होतं. दुसरं कारण शोधून बघितलं, सापडलं नाही.

अक्कांनी कॅप्सूल घेतली नाही. डॉक्टर वैतागले, मग पातळ कडू औषध लिहून दिलं. ते त्यांनी तोंड वाकडं न करता प्यायलं. सून औषधाच्या दुकानात गेली तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तू हाईस म्हणून मला वाचायला शिकायची गरज पडली न्हाय बग. म्या देवाला काय बी लावलं न्हाय उष्टं-खरकटं. तुझ्यामुळं."

खोलीत आम्ही दोघीच होतो. दार लोटलेलं. सून यायला वेळ होता. याच्यापेक्षा सोपी संधी माणसाला कुठली मिळणार? त्यांनी काय केलं असतं? रागावल्या असत्या? मला नाही वाटत. कदाचित त्यांनी फक्त माझ्या हातातून हात काढून घेतला असता. तेवढं मला झेपलं नसतं. मी त्यांची चादर सारखी केली.

त्या बऱ्या होऊन घरी आल्या आणि दोन महिन्यांनी एका सकाळी पूजा झाल्यावर बसल्या जागीच गेल्या. तुम्हाला फोन आला होता. पुढचं तुम्हाला माहीत नाही.

आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून नेतात. अक्कांना अंघोळ घालून, नवं लुगडं नेसवून भिंतीला टेकून बसवलं होतं. जंगमस्वामी आले. त्यांनी अक्कांचा डावा हात वर करून तळहातावर लिंग ठेवलं आणि बोटं मिटवली. तोंडाला भस्म लावायचं ते घरच्या बाईनं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. धाकटी जाऊ मी, त्यांच्या सगळ्यात जवळची.

मी भस्म भिजवून कपाळावर तीन बोटं ओढली. मग गालांवर. कातडी इतकी मऊ होती की बोट कुठं अडलंच नाही. जिवंतपणी चेहऱ्यावर जेवढं शांतपण होतं तेवढंच आताही होतं, आणि भस्माखालून एक चकाकी होती. ती कशाची, हे मला आजही माहीत नाही. साठ वर्षं ज्या चेहऱ्यानं रोज त्या तळहातावरच्या लिंगाकडं बघितलं, त्याची असेल. माझ्या बाटलीची असेल. मी त्या चेहऱ्यासमोर गुडघ्यांवर बसून बघत राहिले. एवढं सुंदर मी फार थोडं बघितलं आहे.

मागे उभ्या असलेल्या बायकांपैकी कुणीतरी म्हणालं, "लिंगपूजेचं तेज हाय बगा बाई. दुसरं काय बी लावलं न्हवतं त्यांनी कदी. व्हय न्हवं, धाकल्या बाई?"

मी म्हणाले, "व्हय."