पाणी प्यायलेली गाडी

ठमाकाकीला इंजिनातलं काही कळत नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पोलादपुरात माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि गाडीतलं सगळं कळतं असं समजणारी माणसं मी रोज सोसतो. काकी त्यांच्यातली नाही. "मला गाडीतलं काय कळत नाय, मानसातलं कळतं," असं ती छातीठोकपणे सांगते, आणि तालुक्यातली सगळ्यांत चांगली जुनी पिकअप आज तिच्या दारात उभी आहे.

काकी वरच्या वाडीची. आंबेनळीच्या रस्त्यावरून एक फाटा डोंगरात शिरतो आणि जिथं दमून थांबतो तिथं ही वाडी. वाडीतल्या बायकांची नाचणी, पावटा, करवंदं, गावठी कोंबड्या असा माल ती गोळा करते आणि महाडच्या बाजारात विकते. औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली की तिथल्या फाटकापाशीही बसते. अडचण एकच होती, भाड्याचा टेम्पो. लग्नाचं भाडं मिळालं की टेम्पोवाला वाडी विसरायचा आणि बायका टोपल्यांशेजारी ताटकळत बसायच्या. अशाच एका दुपारी करवंदांचं पाणी झालं आणि काकीनं जाहीर केलं, आता आपली गाडी घ्यायची.

पैसे कुठून आणले ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही. खरा प्रश्न होता चालवणाऱ्याचा. तिचा एकुलता एक मुलगा अक्षय आठ वर्षं मुंबईत कुरिअरची गाडी चालवत होता. घाटकोपरला भाड्याची खोली, गणपतीला चार दिवस घरी, पुन्हा पाठमोरा. तो यायला तयार झाला, पण अट घालून.

"आये, खोली मी सोडत नाय. वाडीच्या चढाला गाडी बसली, की मी उठलो."

म्हणजे काकी नुसती गाडी निवडत नव्हती. पोरगा घरी राहणार की जाणार, ते निवडत होती. हे तिला कळत होतं, मला कळत होतं, आणि अक्षयलाही कळत असावं, म्हणून तो सारखा चिडत होता.

त्याला नवी गाडी हवी होती, समोर स्क्रीनबिक्रीन असलेली, हप्त्यावरची. काकी म्हणाली, "नवी गाडी बँकेची ऱ्हानार नि मी तिची मोलकरीन. मला म्हातारपनापतुर टिकनारी पायजे. सोयरीक हाय ही, जत्रंतला पाळना नव्हं." मी तिची बाजू घेतली. नव्या गाडीत धोक्याचा दिवा लागला की गाडी जागच्या जागी उभी, मग लॅपटॉपवाला माणूस येईपर्यंत डोंगराकडे बघत बसा. जुनी गाडी पान्यानं ऐकते. शिवाय जुनी गाडी घेणारा माणूस म्हणजे माझा अन्नदाता, हेही खरंच आहे, लपवण्यात काय अर्थ?

आम्ही तिघं महाडला गेलो. आमच्याकडे जुनी गाडी बघताना कोणी आधी किंमत विचारत नाही, किती चालली तेही विचारत नाही. आधी विचारतात, पाणी प्यायली का? दोन हजार एकवीसच्या पुरानं लावलेली सवय. पाणी प्यायलेली गाडी कोणी फुकट दिली तरी माणूस चार वेळा विचार करतो.

पहिली गाडी हायवेवरच्या एका विक्रेत्याकडची. रंग नवा, सीट नवी, आत अगरबत्तीचा घमघमाट. अक्षय बघताक्षणी खूश झाला. मलाही बरी वाटली.

"पाणी?" विक्रेता हसला. "या गाडीनं पाण्याचं तोंड पाहिलेलं नाही. पुराच्या वेळी उंचावर होती."

"तुमची बी उंचावर?" काकी म्हणाली. "गाडी इकनारा जो भेटतो त्याची गाडी उंचावर. त्या पुरात येवढा उंचवटा महाडात व्हता कुठं रे, सगळ्यांच्या गाड्या मावायला?"

विक्रेत्याचं हसू मावळलं. काकी चालू लागली. मागून अक्षय पुटपुटत होता, तिकडे तिनं लक्षच दिलं नाही.

दुसरी गाडी जुल्फिकारभाईंची. जन्मभर वाहतुकीचा धंदा केलेला माणूस, आता गुडघे गेले, मुलं दुबईला. गाडी अंगणात उभी होती. रंग उडालेला, मागच्या माल भरायच्या हौद्याला पोचे. अक्षयनं तोंड वाकडं करतच विचारलं, "पाणी प्यायलीय का, चाचा?"

"टपापर्यंत," जुल्फिकारभाई म्हणाले. "मी माळ्यावर बसून बघत होतो. खोटं कशाला बोलू?"

झालं. अक्षय वळला, मीही वळलो. पण काकी तिथंच उभी.

"मंग काय केलात तिचं?"

"सगळी खोलली, मावशी. नट न् नट. धुतली, वायरिंग नवीन टाकलं, इंजिन बांधून घेतलं."

"तुमी सांगताय," काकी म्हणाली. "घरात बाय मानूस हाय का?"

आणि आम्ही काही बोलायच्या आत ती सरळ स्वयंपाकघरात शिरली. आता गाडी घ्यायची तर माणूस बॉनेट उघडतो, खाली वाकून स्प्रिंगचे पाटे बघतो. ही बाई चुलीपाशी जाऊन बसली! मला हसू आवरेना. पण आतून जुल्फिकारभाईंच्या बायकोचा, शरिफाबीचा, आवाज ऐकू आला आणि माझं हसू थांबलं. इतक्या वर्षांचा साठलेला राग होता तो.

"गाडीचं नाव काढू नका माझ्यासमोर! घरात ढोपराएवढा गाळ, माझ्या लग्नातली भांडी गाळात, आणि हा माणूस गाडी धुतोय. प्यायचं पाणी नव्हतं गो घरात, टँकरचं आलं तर त्यातले दोन हंडे हिच्या इंजिनाला! माझा टूथब्रशसुद्धा घेतला वायरी घासायला. आणि ही बघा परात. भाकरीचं पीठ मळायची परात, हिच्यात ह्यानं बोल्ट भिजत घातले डिझेलमध्ये. अजून वास जात नाही."

बाहेर जुल्फिकारभाई मान खाली घालून उभे होते. काकी परात हातात घेऊनच बाहेर आली. तिनं ती एकदा हुंगली आणि माझ्या नाकापाशी धरली. डिझेलच होतं.

"घेतली," काकी म्हणाली.

मी तिला बाजूला घेतलं. "काकी, लोक हसतील. बुडालेली गाडी आहे ती."

"आपल्या हितं न बुडाल्यालं काय हाय रे, किशोर? पुरानंतर मी म्हैनाभर भनीचं घर उपसलंय. जो बुडालो म्हन्तो, त्यानं धुतल्यालं असतं. जो बुडालोच नाय म्हन्तो, त्यानं नुसतं पुसल्यालं असतं. नि नवऱ्याची येवढी तक्रार खोटी करता येत नाय कुनाला."

शरिफाबीनं आम्हाला चहा दिला आणि गाडी जाताना बघायला दारापर्यंत आली. गेली एकदाची, म्हणाली, आणि डोळे पुसले.

गाडी पावसाळाभर वाडीचा चढ चढली. आणि मग एके दिवशी, खतानं भरलेली असताना, नेमकी शेवटच्या वळणावर बसली.

काकी शेजारच्या सीटवर होती. हे नंतर अक्षयनंच मला सांगितलं. एरवी जिची जीभ थांबत नाही, ती समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत बसली. अक्षय उतरला, चाकांना दगड लावले, बॉनेट उघडलं. डिझेलचा पाईप चिरला होता. त्यानं तो चिरेपाशी कापला, उरलेला ओढून बसवला, पाईपात शिरलेली हवा काढली आणि गाडी वर नेली. दुसऱ्या दिवशी दुकानात आला.

"किशोरदादा, पाईप दे. दोन दे. एक गाडीत ठेवतो."

मी पाईप मोजताना विचारलं, "मग? बसली ना गाडी? उठणार कधी?"

"तू तुझं दुकान बघ," तो म्हणाला. मला बरं वाटलं, पण काकीला मी काही सांगितलं नाही. नसती आशा कोणाला लावू नये.

मे महिन्यात फणस आणि करवंदं घेऊन तो पहिल्यांदा गाडी मुंबईला घेऊन गेला. संध्याकाळी यायचा, तर आलाच नाही. फोनही लागेना. दुसऱ्या दिवशी काकी सकाळपासून माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून होती. टेम्पोवाल्याला शिव्या, सरकारला शिव्या, मलाही दोन. दुपारी गाडी आली आणि दुकानासमोर थांबली. गाडी धड होती, पोरगा धड होता. हौद्यात एक गुंडाळलेली गादी, टेबल फॅन, पत्र्याची पेटी, गॅसची शेगडी आणि एक बादली होती.

"खोली सोडली," अक्षय म्हणाला.

काकी उठून हौद्यापाशी गेली. फळकुटाला धरून तिनं आत पाहिलं.

"आठ वर्सं ऱ्हायलास," ती म्हणाली, "नि येवढंच?"

"येवढंच, आये."

भर बाजारात, सगळ्यांसमोर, ठमाकाकी रडली.