अल्विनामावशीची जबानी

कोळशाची खाण चालू होती तोवर आमच्या वसाहतीत वर्तमानपत्र घ्यायची फारशी गरज पडली नाही. कोपऱ्यावर अल्विना पाखोलेकची टपरी होती ना. पाळी सुटली की काळ्या पापण्यांचे खाणकामगार तिथे उभ्याउभ्या बिअर घेत आणि वसाहतीत कोणाचं काय चाललंय ते ऐकूनच घरी जात. मावशीच्या तोंडात तीळ भिजत नसे. तिचा नवरा एमिल म्हणायचा, "हिला गुपित सांगणं म्हणजे खाणीचा भोंगा वाजवणं." मग एमिल गेला, त्याची कबुतरं विकली गेली आणि टपरीमागची ढाबळ मुकी झाली.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या ग्रबोशचं शर्यतीचं कबुतर थकून नेमकं त्याच ढाबळीत उतरलं. पायातल्या कड्यावरचा नंबर पाहून ते कोणाचं हे मावशीला तेव्हाच कळलं. तिने जव टाकले, पाणी ठेवलं आणि दार लावून घेतलं. सकाळी कॉफी गाळताना मागून घुमण्याचा आवाज आला की तिला वाटे, एमिल आता शिव्या घालत खाली येईल. आठवडाभराने मन खायला लागलं तसं तिने दार उघडलं. कबुतर उडालं, तेव्हा शेजारच्या बागेत ग्रबोश कोबीवर वाकलेला होता. त्याने वर पाहिलं आणि सरळ पोलिसांत तक्रार ठोकली.

मावशीला चौकशीचं बोलावणं आलं, मंगळवारी सकाळी दहाला, आरोपी म्हणून. गुन्हा लागला तर टपरीचा परवाना जाईल या धास्तीने ती मार्लीस वकीलबाईंकडे धावली.

"जाऊ नका," बाई म्हणाल्या. "आरोपीला पोलिसांनी बोलावलं तर जायचं बंधन नाही. सरकारी वकिलाने किंवा न्यायाधीशाने बोलावलं तर मात्र जावंच लागतं."

"अहो, वेळ दिलीय त्यांनी. लोक वाट बघत बसतील."

"जाणारच असाल, तर त्यांच्यासाठी केक भाजायला घेण्याआधी ऐका. नाव, जन्म, पत्ता, धंदा विचारतील, ते खरं सांगायचं. पुढे एक अक्षर नाही. गप्प राहिलात म्हणून कोणी तुम्हाला दोषी धरू शकत नाही. पण अर्धं बोललात, तर उरलेल्या अर्ध्याचा अर्थ लावतील. पोलिसांची फाईल आधी मी बघते, मग ठरवू."

मावशी गेलीच, आणि सफरचंदाचा केक घेऊन गेली. आमच्याकडे ठरलेली वेळ चुकवणं हे चोरीहून वाईट, आणि रिकाम्या हाताने जाणं त्याहून वाईट.

टेबलापलीकडचा पोलीस देतलेफ निघाला. लहानपणी टपरीच्या खिडकीशी टाचा उंचावून ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या मागणारा. आता त्याला मिशी होती.

"मावशी, केक घेता येणार नाही मला," तो म्हणाला, आणि मग घसा खाकरून, "श्रीमती पाखोलेक, तुमच्यावर कबुतर लपवल्याचा आरोप आहे. बोलायचं की नाही हे तुमच्या मर्जीवर. वकिलाला आधी विचारू शकता."

मावशीने नाव, जन्म, पत्ता, धंदा सांगितला. "टपरी. तुला माहीत आहेच, मेल्या."

"हो. आता सांगा बरं, कबुतराचं काय झालं?"

इतक्या प्रेमाने तिला कित्येक महिन्यांत कोणी काही विचारलं नव्हतं. एमिल, कॉफी, तो आवाज, सगळं ओठांवर आलं. ती थोडी पुढे झुकली. मग तिने केकचा एक तुकडा कापला आणि स्वतःच्याच तोंडात कोंबला.

देतलेफ वाट पाहत राहिला. तिने दुसरा तुकडा उचलला.

"आरोपाबाबत काही सांगायचं नाही, असं लिहू?"

तोंड भरलेलं, मावशीने मान डोलावली. जबानी चार ओळींची झाली आणि केक अर्धा संपला.

वसाहतीची मात्र पंचाईत झाली. लोक दोन-दोनदा बिअर घ्यायला येत, आडून आडून विचारत. मावशी सुट्टे पैसे मोजून देई आणि हवेबद्दल बोले. इतकी बेचव बिअर आम्ही कधी प्यायलो नाही.

पानगळीत सरकारी वकिलाने पुरावा अपुरा म्हणून प्रकरण मिटवलं. परवाना वाचला. त्याच दिवशी मावशीने टपरीची खिडकी ओढून घेतली आणि ग्रबोशच्या दारावर थाप मारली. उंबऱ्यात उभ्याउभ्या तिने पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं. कड्यावरचा नंबर पाहिला होता, हेसुद्धा.

ग्रबोश पाईप चघळत ऐकत राहिला. "मग तेव्हाच का नाही बोललीस, बाई?"

"तेव्हा पोलिसांनी विचारलं. तू विचारलंस का? कोबीतून हाक मारली असतीस, तर तिथेच सांगितलं असतं."

त्याने पाईप तोंडातून काढला. मग विचारलं, "जव घातलेस नुसते? मटार नाही?"

"जवच होते घरात."

"तरीच हडकलं होतं," तो कुरकुरला, आणि तिला आत घ्यायला दारातून बाजूला झाला.