कंदाचं पीठ

उन्हात घातलेल्या पिठावर साखर कारखान्याची काजळी पडली, की मला ते बेट आठवतं. लेकाने मला परदेशी ज्वालामुखी दाखवायला नेलं होतं. आदल्या दिवशी डोंगर धुमसला होता. छपरं, कोंबड्या, सगळं राखेने करडं झालं होतं आणि गंधकाच्या वासाने घसा जळत होता. आम्ही उतरलो होतो त्या घरची म्हातारी अंगणात पसरलेल्या कंदाच्या पिठावरचा राखेचा थर करवंटीने अलगद काढत होती. "नवं भात येईपर्यंत त्यास्नी एवढंच खायला हाय," असं सांगून लेक अंघोळीला गेला. "मग अशी खेळत काय बसलीयास? चाळ की बाई!" म्हणत मी चाळण उचलली आणि सगळं पीठ चाळून टाकलं. ती माझा हात धरून ओरडत होती. पाहुणीने काम करू नये म्हणून ओरडते, असं समजून मी थांबलेच नाही. आमची काजळी चाळणीत वर राहते. ती राख पिठाहून बारीक, सगळी पिठात मिसळली. म्हातारीने चिमूटभर तोंडात टाकलं आणि थुंकून टाकलं. संध्याकाळी तिने मला ताट वाढलं, ती स्वतः जेवली नाही. घरी येऊन मी धुराचा डोंगर बघितल्याचं गावभर सांगितलं. पिठाचं अजून कुणाला सांगितलेलं नाही.