रोसाला विचारायचं होतं ते

छगन पनामाला वारला ही बातमी कोरीट गावात आली, ती त्याच्या लेकीसोबतच. सुरतेच्या ज्या शेठाने त्याला आपल्या तिकडच्या कापडाच्या दुकानात नेलं होतं, तोच देशी परतताना पोरीला घेऊन आला. नंदुरबार स्टेशनावर या, एवढाच निरोप त्याने आधी पाठवला होता; तिथे त्याने तिचा हात दोधूच्या हातात दिला. दोधू म्हणजे छगनचा बाप. त्याच्या मागे छगनची आई दगूबाई पदराने तोंड झाकून उभी होती. पोर चार-साडेचार वर्षांची, डोक्यावर विणलेल्या गवताची टोपी, नाव रोसा. तिची आई तिकडचीच होती, बाळंतपणातच गेली होती.

शेठ म्हणाला, "शेवटी ही एकटीच त्याच्याजवळ होती. ताप होता, पण शुद्ध होती. हिच्याशी पुष्कळ बोलला. घरचं काहीतरी सांगत होता. मी दारात होतो, पण आवाज बारीक, मला काही समजलं नाही."

एवढं सांगून तो पुढच्या गाडीने सुरतेला परत गेला. दगूबाई बैलगाडीत बसली ती ते एकच वाक्य मनात घेऊन. घरचं काहीतरी.

छगन गावातून निघाला तेव्हा ती त्याच्याशी बोलली नव्हती. एकुलता एक मुलगा समुद्रापलीकडे जातो म्हणून ती रुसून गोठ्यात जाऊन बसली. निघणाऱ्याच्या हातावर दही ठेवायचं, ते तिने ठेवलं नाही. तो गोठ्याच्या दारापर्यंत आला, थोडा वेळ थांबला आणि गेला. त्यानंतर त्याची खुशाली शेठाच्या माणसांकडून कळायची, पण आईसाठी म्हणून वेगळा शब्द कधी आला नाही. आता जे काही तो बोलला होता, ते या टोपीतल्या पोरीजवळ होतं. आणि पोरीला पनामाच्या बोलीशिवाय दुसरा शब्द येत नव्हता.

पहिल्या आठवड्यात रोसा खूप बोलली. ओट्यावर बसून हातवारे करत, रडत, मध्येच थांबून, पुन्हा सुरू करत. त्या सगळ्यात 'पापा' हा शब्द सारखा यायचा. दगूबाई तो शब्द आला की दचकायची आणि हलक्या हाताने पोरीच्या तोंडावर पदर धरायची. त्यांच्या घराण्यात रीत होती: गेलेल्या माणसाचं नाव वर्ष सरेपर्यंत घरात काढायचं नाही, नाहीतर त्याचा पाय अडतो, तो पुढे जात नाही. लहानांना तर ते मुळीच काढू द्यायचं नाही. छगनचं अंथरूण, त्याची काठी, लहानपणीची भिंगरी, सगळं माळ्यावर गेलं. रोसाला कळलं की हा शब्द इथे चालत नाही. काही दिवसांनी ती तो म्हणेनाशी झाली.

दगूबाईने ठरवलं, वर्ष सरू दे. तोवर मी हिची बोली शिकते. वर्षश्राद्ध झालं की त्याच दिवशी विचारीन.

शिकायचं कोणाकडे? खांडबाऱ्याच्या बाजारात नवलसिंग नावाचा गडी कांदे-लसूण विकायला बसायचा. त्याच शेठाकडे तो पनामात बरीच वर्षं स्वयंपाकी होता. छगन तिकडे पोहोचायच्या आधीच तो परतला होता. दगूबाई आगगाडीने खांडबाऱ्याला गेली आणि त्याच्या ढिगापुढे बसली.

"तुले पनामानी बोली येस का रे भाऊ?"

"येस माय. पण मन्ही बोली चुलानी आनि बाजारनी. देवाधर्मानं बोलाले गयी तं ती आठेच संपी जाई."

"माले चुलानीच पाहिजे."

नवलसिंग हसला, पण त्याने शिकवलं मनापासून. तो म्हणाला, शब्द पाठ करत बसू नको, ते भाकरी भाजेपर्यंतसुद्धा टिकत नाहीत. हातात काम धर आणि त्या कामाचंच बोल. याला काय म्हणतात असं पोरीला विचारू नको, तिच्याकडे ती वस्तूच माग. 'दामे' म्हणजे मला दे. एवढा एक शब्द आला की पुढे पाणी लाव, दूध लाव, पीठ लाव.

"आनि चुकनं तं चुकनं," तो म्हणाला. "पोर हसी तुले. हसू दे. हसणारं माणूस सुधारीबी देस."

दुसऱ्या दिवशी दगूबाई रांजणापाशी उभी राहून म्हणाली, "दामे आग्वा." रोसाने मान वर केली. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ती उठली, तांब्या भरून घेऊन आली, अर्धं पाणी वाटेत सांडत.

मग तसंच सुरू झालं. दळताना दळण्याचं, म्हशीखाली बसली की दुधाचं. 'कुठे आहे' आणि 'नको' हे दोन शब्द नवलसिंगाने पुढच्या बाजारी दिले. त्यांच्या जोरावर ती दिवसभर पोरीला घरभर शोधायला लावायची: विळा कुठे आहे, मांजर कुठे आहे. मिरच्या वाळायला घातल्या की दोघी दुकान मांडायच्या. रोसा मालकीण व्हायची, दगूबाई गिऱ्हाईक. "कुआंतो?" दगूबाई विचारायची, केवढ्याला? रोसा कमरेवर हात ठेवून भाव सांगायची. तो जास्त वाटला की दगूबाई डोक्याला हात लावून उठून जायची आणि पोरगी पोट धरून हसायची. पोरगी खेळायला गेली की दगूबाई तेच म्हशीशी बोलायची. म्हैस ऐकून घ्यायची, चुका काढायची नाही.

दगूबाईची जाऊ कमलबाई शेजारच्या ओट्यावरून म्हणायची, "आते आपली दगूबाई मडमीण व्हई गयी. उद्या टोपी घाली."

दोधूलाही ते पटत नव्हतं. "पोरले आपली बोली शिकाडानं सोडीसन तूच तिनी बोली शिकी ऱ्हायनी," तो म्हणायचा. त्याला तिने खरं कारण सांगितलं नव्हतं. सांगायचं तर नाव काढावं लागलं असतं.

अहिराणी रोसाला गल्लीतल्या पोरींनी शिकवलीच. दगूबाईशी मात्र ती तिच्या बोलीत बोलत राहिली, तो दोघींचा खेळ होता. अवघड होतं ते झालेल्या गोष्टींचं बोलणं. नवलसिंगाला 'दे', 'आण', 'उद्या ये' एवढंच चांगलं यायचं. तेव्हा त्याने एक युक्ती सांगितली: रोज संध्याकाळी पोरीला विचार, आज गल्लीत काय झालं. पोरं चुगल्या करतात, आणि चुगली म्हणजे झालेली गोष्टच. रोसा रोज येऊन सांगू लागली, अमकी असं म्हणाली, तमकी तसं म्हणाली. त्यातून दगूबाईला हवा होता तो शब्द मिळाला. 'दिहो' म्हणजे म्हणाला. खांडबाऱ्याला तिने तो नवलसिंगाला म्हणून दाखवला आणि सबंध प्रश्न त्याच्याकडून घडवून घेतला. के दिहो पापा? पापा काय म्हणाला?

"माय," नवलसिंग म्हणाला, "हाई इचारासाठे व्हतं का सम्दं?"

तिने पिशवी पुढे केली. त्याने तिच्या पिशवीत लसणाचा एक गड्डा जास्तीचा टाकला.

वर्षश्राद्ध झालं. पिंडाला कावळा शिवला, माणसं जेवून गेली. दोधूने माळ्यावरची काठी खाली काढली आणि पहिल्यांदा मोठ्याने म्हणाला, "छगननी काठी." दगूबाईने हात धुतले. रोसा अंगणात मिरच्यांच्या देठांची घरं करत बसली होती. दगूबाई तिच्यासमोर बसली. शब्द नीट आले, एकही अडखळला नाही.

"रोसा. के दिहो पापा?"

पोरीने ऐकलं. तिला समजलंही. तिने देठ खाली ठेवला, आजीकडे पाहिलं, मग दोधूकडे, मग काठीकडे. विचार करताना तिच्या कपाळावर छगनसारखीच एक आडवी रेघ उमटायची, तशी ती उमटली.

"कोनता पापा?" तिने विचारलं.

दगूबाईने पुन्हा विचारलं. मग अहिराणीत विचारलं. खोलीतलं, खाटेवरचं, तापाचं, जहाजाचं. रोसाला जहाजावरची एक बकरी आठवत होती. बाकी काही नाही. वर्षभर ज्याचं नाव घरात कोणी घेतलं नाही, घेऊ दिलं नाही, तो पोरीच्या मनातून मुकाट्याने निघून गेला होता. अडला नव्हता.

त्या दिवशी दगूबाई जेवली नाही. पहिल्या आठवड्यातलं पोरीचं बोलणं ती आठवू पाहत होती. आता समजलं असतं. पण त्यातला 'पापा' एवढाच शब्द तिच्याजवळ उरला होता, आणि तो ऐकला की पुढे केलेला आपला पदर.

पुढच्या बाजारी नवलसिंगाने काही विचारलं नाही. तिनेच सांगितलं, पनामाच्या बोलीत, एका शब्दात: "नादा." काही नाही.

त्यानंतर दगूबाईने दुसरं काम हाती घेतलं. रांजणापाशी, चुलीपाशी, मिरच्या निवडताना ती रोसाला तिच्या बापाच्या गोष्टी सांगू लागली. अर्ध्या या बोलीत, अर्ध्या त्या बोलीत. तुझा पापा चिंचेवरून पडला होता. तुझा पापा गूळ चोरून म्हशीला द्यायचा. दही दिलं नाही तेही एकदा सांगितलं.

रोसा मोठी झाली, विसरवाडीला दिली. सन एकेचाळीस-बेचाळीसच्या सुमारास ती आपल्या लेकीला घेऊन माहेरी आली होती. दगूबाईला तेव्हा डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, ती खाटेवर पडून असायची. रोसा ओट्यावर बसून लेकीला आजोबांच्या गोष्टी सांगत होती. मन्हा बाप माले चांगला याद शे, ती म्हणाली, आणि चिंच सांगितली, गूळ सांगितला, भिंगरी सांगितली. दगूबाई आत पडून एकेक गोष्ट ओळखत होती. एखादी तरी अशी यावी, जी आपण सांगितलेली नाही, म्हणून ती कान देऊन ऐकत राहिली. रोसाचं बोलणं संपलं, पोरगी झोपली, तरी ती तशीच ऐकत होती.