अर्धो ट्रक

“खंय मोडला ता आधी दाखव.”

कुणी बिघडलेलं काम घेऊन आलं की हे म्हणत बाई चष्मा कपाळावर चढवायच्या आणि खुर्ची अख्खी समोरच्याकडे वळवायच्या. सुर्ल्याच्या खाणीच्या ऑफिसात मी वजनकाट्यावर, त्या कॉम्प्युटरवर. मुरगाव बंदराला जाणाऱ्या बार्जमध्ये किती ट्रक माल भरायचा हे सांगणारा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः शिकून लिहिला होता, पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत.

मध्ये खाणी बंद पडल्या. आम्ही घरी काजू राखत बसलो, आणि तिकडे त्या भाषेची तिसरी आवृत्ती रुळली. दुसरीची देखभाल तिच्या कर्त्यांनीच थांबवली. खाण पुन्हा सुरू झाली तेव्हा नवे कॉम्प्युटर आले आणि सोबत पणजीचा एक इंजिनिअर. म्हणाला, “बाई, तुमची आवृत्ती मेली.”

“मेली? मगे सकाळधरून माझ्यावांगडा कोण बोलता?”

इंजिनिअर हसला आणि दोन दिवसांत प्रोग्रॅम तिसरीत नेऊन मोकळा झाला. बाईंकडे एक वही होती, जुन्या शंभर बार्जींची उत्तरं लिहिलेली. ती एकदा ताडून बघा, एवढंच त्या मागत होत्या. साहेब म्हणाले, वेळ नाही.

घोटाळा साधाच होता. बार्जमध्ये साडेसत्तर ट्रक माल मावत असेल, तर भागाकार करताना जुनी आवृत्ती अर्धा सोडून सत्तर सांगायची. नवी साडेसत्तर सांगते. इंजिनिअरने ते वर ओढून एकाहत्तर करून टाकलं.

पहिल्याच बार्जला एकाहत्तरावा ट्रक निघाला, तशा बाई छत्री घेऊन धक्क्यावर त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. साहेब धावत आले.

“बाजूला व्हा बाई. कॉम्प्युटर एकाहत्तर सांगतोय.”

“सर, अर्धो ट्रक खंय मेळता? ह्यो सगळो ओतलो तर बार्जीची रेघ बुडतली. वर सात माणसा आसत.”

बार्जच्या तांडेलाने एकदा बार्जीच्या पोटावरच्या, भाराची हद्द दाखवणाऱ्या पांढऱ्या रेघेकडे बघितलं, एकदा बाईंकडे, आणि सत्तरावरच दोर सोडला.

मी हे सगळं काट्याच्या खिडकीतून बघत होतो. खाली उतरलो नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

साहेबांनी दोन वाटा ठेवल्या: माफी लिहून द्या, नाहीतर स्टोरमध्ये जा.

“स्टोराची चावी खंय आसा?” बाईंनी विचारलं.

स्टोरमध्ये ग्रीसच्या डब्यांमध्ये बसून, जेवणाच्या सुट्टीत, त्या तिसरी आवृत्ती शिकल्या. नव्याशी त्यांचं वैर नव्हतंच हो, न तपासता पुढे रेटणाऱ्यांशी होतं. सगळा प्रोग्रॅम ओळ न ओळ पुन्हा लिहून त्यांनी वहीसकट माझ्या हातात दिला. “सायबांनी विचारला तर माझा नाव सांग. लपवू नको.”

मी वहीशी ताडून बघितलं, शंभरच्या शंभर उत्तरं जुळली. साहेबांनी प्रोग्रॅम गुपचूप ठेवून घेतला, बाईंना मात्र परत बोलावलं नाही. त्या स्टोरमधूनच निवृत्त झाल्या, माफी न लिहिता.

भागाकाराच्या ओळीशेजारी त्यांनी एक टीप लिहून ठेवलीय: ‘अर्धो ट्रक नसता.’

परवा आणखी नवी आवृत्ती घालायला दुसरा इंजिनिअर आला. म्हणाला, “ही टीप काढूया, आणि संध्याकाळपर्यंत बदलून टाकतो. साहेबांना घाई आहे.”

धक्क्यावर बार्ज लागलेली होती. मी उठलो आणि बाईंची वही त्याच्यासमोर उघडून ठेवली.

“टीप राहील. आधी शंभर ताडून बघ,” मी म्हटलं. “तोवर बार्ज थांबेल. सायबांनी विचारलं तर माझं नाव सांग.”