थोडी मिनिटं आवाज येत नसतो

"वर जाणं सोपं हाय, भाऊ. खाली येणं लई अवघड."

लेथवरून उतरवलेला पार्ट कापडानं पुसून तो तळहातावर उभा धरायचा आणि हे म्हणायचा. पार्ट असायचा पाण्याच्या पंपाचा. हा मात्र बघायचा वर छताच्या पत्र्याकडे.

उस्मानपुऱ्यातल्या माझ्या वर्कशॉपात तो टर्नर होता. वैजापूरचा. मी स्वतः भाड्याच्या लेथवर सुरुवात केलेला माणूस, हात ओळखतो. तसा हात तुम्हीही पाहिला नसेल. पण अंतराळवीर परतायचे त्या दिवशी तो मशीन बंद करून मोबाइल खोक्याला टेकवायचा. मी शिव्या घालायचो, तो ऐकायचा नाही. उतरताना कोन चुकला तर यान जळतं, भोवती आग असताना बोलणंही तुटतं, असं येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. पडद्यावरचे आवाज थांबले की माझं मनगट धरायचा. "थोडी मिनिटं आवाज येत नसतो. घाबरायचं नाय." पॅराशूट उघडलं की डोळे पुसायचा. खोटं कशाला सांगू, माझाही जीव भांड्यात पडायचा.

एकदा जुना लेथ घ्यायला त्याला सोबत नेलं. यानं मशीनवरून असा मायेनं हात फिरवला की विकणारा भाव उतरवेना. बाहेर आल्यावर मी भडकलो. जे हवं ते तोंडावर दिसू द्यायचं नाही, एवढंही कळत नाही का? त्यानं मान हलवली.

शिकला. फारच चांगला शिकला. बिडकीनची नवी शेड मी त्याच्या भरवशावर उभी केली, मोठं काम त्याच्या हातावर घेतलं. शेडच्या दोन किल्ल्यांतली एक त्याला दिली, तेव्हा म्हणाला, "सोमवारी सुरू करू, भाऊ." चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

सोमवारी आलाच नाही. दक्षिणेत कुठल्याशा कारखान्यात यानाचे पार्ट करायला गेला, हे मला चहावाल्यानं सांगितलं. चहावाल्याला महिनाभर आधी ठाऊक होतं. मी ओरडलो असतो, अडवलंही असतं, कबूल. पण सांगायचं तरी. घेतलेलं काम दुसऱ्याकडे गेलं.

परवा अंतराळवीर परतत होते. मीच लेथ बंद केला, मोबाइल खोक्याला टेकवला. आवाज गेला, थोड्या मिनिटांनी आला. मग त्याचा नंबर लावला. आठ महिने झाले, बंदच लागतो.

बिडकीनचं कुलूप मी अजून बदललेलं नाही.