खडीचा रस्ता आणि टायरमधली हवा

रविवारी सकाळी सात वाजता लखनौबाहेरच्या एका तळ्याकाठी मी सायकल धरून उभी होते आणि बसायचं काही नाव घेत नव्हते... वय त्रेपन्न, बँकेत ऑफिसर, आणि घाबरतेय कशाला, तर सायकलला. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

झालं होतं असं, की दीड वर्षापूर्वी चारबाग स्टेशनजवळच्या वळणावर एका ई-रिक्षाने माझ्या स्कूटीला ठोकलं. मनगट मोडलं, ते यथावकाश जुळलं. पण त्यानंतर दोन चाकांवर बसायचं म्हटलं की मी काहीतरी कारण काढून टाळायचे.

स्कूटी तेव्हापासून मानक नगरच्या आमच्या क्वार्टरच्या जिन्याखाली, कव्हर घालून. मी रोज कधी ऑटोने, कधी नवऱ्याच्या गाडीने बँकेत. साताऱ्याहून इथे आल्यावर महिन्याभरात जिने एकटीने सगळे रस्ते पालथे घातले, तिला असं दुसऱ्याच्या भरवशावर जाणं फार लागतं हो.

माझा नवरा सुधीर रेल्वेत इंजिनिअर आहे. त्यानेच शोधून काढलं की तळ्याभोवतीच्या अभयारण्यात खडीचा रस्ता आहे आणि आत मोटारींना बंदी आहे. मग घरी दोन ग्रॅव्हल बाइक आल्या, म्हणजे कच्च्या रस्त्यावर चालवायच्या जाड टायरच्या सायकली.

मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, आज जमलं तर ठीक, नाही तर स्कूटी विकायची आणि हा विषय कायमचा बंद. आदल्या दिवशी मुलीला फोन करून मराठीत पुष्कळ रडगाणं गायले. ती नेहमीसारखी हिंदीत म्हणाली, मम्मी, हो जाएगा यार.

सुधीरची तयारी म्हणजे काय विचारता... ब्रेक तपासले, चेनला तेल, सीटची उंची तीनदा मोजली. हवा तर अशी भरली की टायर अंगठ्याने दाबून बघावा तर दगड! टायरच्या कडेला जास्तीत जास्त किती हवा भरायची तो आकडा लिहिलेला असतो, आणि तो गाठल्याशिवाय या माणसाला चैन पडत नाही. सगळी नोकरी लोखंडी चाकांच्या चाचण्या घेण्यात गेली, दुसरं काय होणार!

निघालो. पन्नास पावलांतच माझी फजिती सुरू झाली. खडीवर चाक नुसतं उडत होतं, हँडल हातातून निसटायला बघत होतं, मनगटात जुनी कळ जागी झाली. मागून सुधीरची कॉमेंटरी चालूच... समोर बघ, खांदे सैल सोड, आता ब्रेक नको, गिअर बदल.

तिसऱ्या वळणावर चाक घसरलं आणि मी सायकलसकट गवतात. लागलं काहीच नाही. पण उठून मी एवढंच म्हणाले, "बास. स्कूटी विकून टाक." आणि मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात समोरून अभयारण्याचे एक गार्ड आले. पन्नाशीचे असतील. साधी काळी सायकल, मागे कॅरियरला जेवणाचा डबा. उतरले, चोट तो नहीं आई म्हणून विचारलं आणि माझ्या सायकलचा टायर अंगठ्याने दाबून पाहिला.

"बहनजी, आपकी गलती नहीं है. हवा बहुत ज़्यादा है."

सुधीरने लगेच टायरवरचा आकडा दाखवून त्यांना समजावायला घेतलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पक्की सड़क पर ठीक है साहब. कंकड़ पर टायर को ज़रा बैठने दीजिए." ते रोज याच रस्त्याने गस्त घालतात, दिवसातून दोनदा... आणि आपल्या सायकलवर बसून गेलेसुद्धा.

सुधीरने तोंड वाकडं करून माझ्या दोन्ही टायरमधली हवा कमी केली. स्वतःच्या सायकलला मात्र हात लावला नाही. मी नाइलाजाने, एकदाच, म्हणून पुन्हा बसले.

आणि काय सांगू... तीच खडी, तीच मी. पण चाक उडेना. टायर खडीवर बसून चालला होता, हँडल मुकाट्याने हातात राहिलं. थोड्या वेळाने लक्षात आलं की मी रस्त्याकडे न बघता तळ्याकडे बघतेय. कोवळं ऊन, पाण्यावर बदकं, पलीकडे सारसांची एक जोडी. ना हॉर्न, ना इंजिन, फक्त खडीचा करकर आवाज. दीड वर्षात पहिल्यांदा मला इतकं हलकं वाटलं.

मग जाणवलं, मागची कॉमेंटरी बंद आहे! पक्षी बघायच्या मचाणापाशी थांबून मागे पाहिलं, तर रस्ता रिकामा. पाच मिनिटांनी साहेब आले... सायकल हातात धरून, चालत, गुडघ्याला माती.

मी हसू दाबलं. (फार कष्टाने.) त्याने सायकल आडवी केली, खाली बसला, हवा सोडायला लागला. मग वर न बघता विचारलं, "किती ठेवू?"

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. वाहनातलं काही त्याने मला विचारण्याची ही पहिलीच वेळ. मी वाकून टायर अंगठ्याने दाबला, त्याच मोडलेल्या हाताच्या, आणि म्हणाले, "अजून थोडी सोड."

काल सोमवारी बँकेत जायला मी स्कूटीचं कव्हर काढलं. सुधीर फाटकापर्यंत आला. हेल्मेट, आरसा, चारबागचं वळण... सगळं त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. मी म्हटलं, "येते." त्याने सगळं गिळलं आणि फक्त "ये" म्हणाला.

गार्डसाहेबांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. ते ही पोस्ट वाचणार नाहीत, मराठी वाचता येणारही नाही. येत्या रविवारी जाऊन सांगणार आहे, भैया, मी स्कूटीवर चारबागवरून जाऊन आले... एकटी.